येणे सोपे, जाणेही सोपे असावे : मोफत ब्राउझर-खेळांच्या निर्मात्यांस खुले पत्र

प्रति,
मोफत ब्राउझर-खेळांचे निर्माते, प्रकाशक आणि अशा खेळांची संकेतस्थळे चालवणारे सर्व चालक यांस,

हे पत्र खेळाडूच्या बाजूने लिहिलेले आहे आणि त्याचा विषय मर्यादित आहे. मोबाइलवर उतरवून घ्यावे लागणारे ॲप, दुकानातून विकत आणलेला खेळ किंवा पैसे लावून खेळली जाणारी रमी यांचा येथे विचार केलेला नाही. संकेतस्थळे उघडण्यासाठी संगणकावर वा फोनवर जो ब्राउझर असतो, त्याच्याच एका टॅबमध्ये, काहीही इन्स्टॉल न करता आणि आरंभी एक पैसाही न देता जे खेळ खेळता येतात, त्यांच्यापुरतीच ही चर्चा आहे. अशा खेळांवर खेळाडूंचा जीव आहे आणि त्यांच्याविषयीची तक्रारही त्या जिव्हाळ्यातूनच निघते. ती थोडक्यात अशी मांडता येईल : ब्राउझर-खेळात शिरणे जितके सोपे असते तितकेच त्यातून बाहेर पडणे सोपे असले पाहिजे, आणि बाहेर पडलेल्याला पुन्हा परतण्याची वाटही खुली राहिली पाहिजे, परंतु मोफत खेळांतून पैसा मिळवण्याच्या बहुतेक प्रचलित पद्धती बाहेर पडण्याच्या मोकळिकीच्या मुळावर उठल्या आहेत आणि परतण्याच्या वाटेकडे तर कोणाचे लक्षच नाही.

प्रथम शिरण्याच्या सोपेपणाविषयी, कारण या खेळप्रकाराचे खरे वैभव तेथेच आहे. एप्रिल 2015 मध्ये मॅथ्यूस व्हालादारेस या ब्राझीलमधील तरुण प्रोग्रामरने ‘अगार.आयओ’ हा खेळ प्रसिद्ध केला तेव्हा त्यात उतरण्यासाठी एखादे टोपणनाव टाकून बटण दाबण्यापलीकडे काहीच करावे लागत नव्हते. खाते, ईमेल, पासवर्ड यांपैकी काहीही न मागता काही क्षणांत खेळाडू एका छोट्या गोळ्याच्या रूपाने इतर शेकडो गोळ्यांत मिसळत असे, आणि कोणा मोठ्या गोळ्याने गिळून टाकल्यावर तितक्याच सहज पुन्हा सुरुवात करत असे. 2017 मध्ये चॅम्पियन्स करंडक स्पर्धेच्या निमित्ताने गूगलने आपल्या मुखपृष्ठावर जो छोटा क्रिकेटचा खेळ ठेवला, तोही मंद गतीच्या मोबाइल नेटवर्कवर चालावा इतका हलका मुद्दाम बनवलेला होता. आणि क्रोम या ब्राउझरमध्ये 2014 पासून असलेला डायनोसॉरचा खेळ तर इंटरनेट बंद पडल्यावर समोर येतो. महागडा संगणक, स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड, क्रेडिट कार्ड किंवा यंत्रावर नवे सॉफ्टवेअर बसवण्याची परवानगी यांपैकी काहीही ज्याच्यापाशी नाही, अशा माणसाला हा खेळप्रकार दारात अडवत नाही. सायबर कॅफेतील तासावर भाड्याने घेतलेल्या संगणकावर, शाळेच्या संगणककक्षात किंवा कार्यालयातील जुन्या यंत्रावर ज्यांची खेळाशी पहिली ओळख झाली त्यांच्यासाठी ब्राउझर हेच खेळाचे मैदान होते, आणि 2006 मध्ये भारतात ‘झपाक’सारखे मोठे खेळसंकेतस्थळ सुरू झाले तेही याच खेळाडूवर भिस्त ठेवून.

हे मैदान ज्या तंत्रावर उभे होते त्याचा इतिहास येथे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण पुढील बराचसा युक्तिवाद त्यावर अवलंबून आहे. 1996 मध्ये ‘फ्यूचरस्प्लॅश’ या नावाने निघालेले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मॅक्रोमीडिया कंपनीने विकत घेतलेले चलच्चित्राचे साधन पुढे ‘फ्लॅश’ या नावाने जगभर पसरले, आणि 2005 मध्ये ते मॅक्रोमीडियासह अडोबी कंपनीच्या ताब्यात गेले. ब्राउझरला जोडून बसवायच्या एका पूरक प्रोग्राममुळे, ज्याला प्लगइन म्हणतात, चित्र, ध्वनी, हालचाल आणि खेळाचे नियम एकाच लहानशा फाइलमध्ये बांधून पाठवणे शक्य झाले, आणि त्यामुळे एकट्यादुकट्या हौशी निर्मात्यालाही आपला खेळ जगापुढे ठेवता येऊ लागला. टॉम फल्प यांचे ‘न्यूग्राउंड्स’, 2001 मध्ये ब्रिटनमध्ये स्थापन झालेले ‘मिनिक्लिप’ आणि 2006 मध्ये सुरू झालेले ‘काँग्रिगेट’ ही संकेतस्थळे या हौशी आणि अर्धव्यावसायिक निर्मितीचे बाजार बनली. परंतु आयफोनने फ्लॅशला कधीच जागा दिली नाही. स्टीव्ह जॉब्स यांनी एप्रिल 2010 मध्ये त्यामागील कारणे सांगणारे जे पत्र प्रसिद्ध केले तेही खुले पत्रच होते, आणि त्यात सुरक्षितता, बॅटरीचा खप, स्पर्शपडद्याशी न जुळणारी रचना आणि एकाच कंपनीची मालकी हे आक्षेप मांडले होते. अखेर अडोबीने 31 डिसेंबर 2020 रोजी फ्लॅशचा आधार काढून घेतला आणि 12 जानेवारी 2021 पासून फ्लॅशमधील मजकूर चालणेच बंद केले. त्याची जागा एचटीएमएल-5, वेबजीएल आणि वेबअसेंब्ली या खुल्या मानकांनी घेतली, म्हणजे अशा तंत्रांनी, ज्यांचे नियम कोणा एका कंपनीच्या मालकीचे नसून सर्व ब्राउझरांना समान लागू असतात.

खेळ मोफत असला तरी तो बनवणाऱ्याचा वेळ आणि तो चालवणाऱ्या सर्व्हरचे भाडे मोफत नसते, ही गोष्ट कोणताही समंजस खेळाडू जाणतो. ‘जिओगेसर’ हा 2013 मध्ये स्वीडनमध्ये जन्मलेला, रस्त्याची छायाचित्रे पाहून ठिकाण ओळखण्याचा खेळ गूगलच्या नकाशासेवेवर चालतो. त्या सेवेचा खर्च पेलण्यासाठी त्यातील मोफत खेळावर पुढे मर्यादा आल्या, आणि त्या निर्णयाचा राग आला तरी त्याचे कारण उघड होते. तेव्हा पैसा घेणे हा येथे आक्षेपाचा विषय नाही. पैसा येण्याचे मार्ग ढोबळमानाने तीन आहेत : जाहिरात, खेळातील वस्तूंची विक्री, आणि सभासदत्व अथवा देणगी. खेळाडूच्या दृष्टीने या तिन्ही मार्गांची परीक्षा एकाच कसोटीवर होते, ती म्हणजे हा मार्ग खेळाडूला मोकळे ठेवतो की धरून ठेवतो.

जाहिरातीच्या बाबतीत खेळाडूची सहनशीलता निर्मात्यांच्या समजुतीपेक्षा बरीच अधिक आहे. खेळ सुरू होण्यापूर्वीची जाहिरात, एक टप्पा संपून दुसरा सुरू होताना मध्ये येणारी जाहिरात आणि स्वेच्छेने पाहिल्यास एखादा जादा प्राण किंवा काही नाणी देणारी बक्षिसी जाहिरात या तिन्ही प्रकारांचा व्यवहार उघड असतो. त्यांतला शेवटचा प्रकार तर खेळाडूला होकार किंवा नकार देण्याची मुभा देतो. असह्य होते ती जाहिरात नव्हे, जाहिरातीचे सोंग. खेळाच्या चौकटीशेजारी ‘खेळा’ किंवा ‘डाउनलोड’ असे लिहिलेले, खेळाच्याच बटणासारखे रंगवलेले आणि दाबल्यावर भलत्याच ठिकाणी नेणारे चित्र, दिसू नये इतकी बारीक केलेली बंद करण्याची फुली, किंवा बोट फुलीवर टेकत असतानाच जागा बदलणारे आवरण हे खेळाडूच्या चुकीवर पैसा मिळवण्याचे प्रकार आहेत. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी जी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली, त्यांत ग्राहकाला फसवणाऱ्या मांडणीचे 13 प्रकार नोंदवले आहेत. मजकुराचे वा बटणाचे रूप घेतलेली छुपी जाहिरात, खोटी घाई निर्माण करणे आणि नको म्हटल्यावरही पुन्हा पुन्हा विचारत राहणे हे त्यांपैकीच तीन आहेत. मोफत खेळांच्या अनेक पानांवर हे तिन्ही एकाच वेळी नांदताना दिसतात, आणि खेळ मोफत आहे म्हणून त्यातला माणूस ग्राहक राहत नाही असे मानण्याचे काहीच कारण नाही.

या पानांवर येणाऱ्यांत मुले मोठ्या संख्येने असतात ही गोष्ट खेळांच्या रंगरूपावरूनच स्पष्ट होते, त्यामुळे जाहिरातीच्या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. भारताच्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले आहे आणि बालकांचा माग काढणे, त्यांच्या वर्तनावर पाळत ठेवणे व त्यांना उद्देशून लक्ष्यित जाहिरात करणे, म्हणजे ज्याच्या त्याच्या सवयी हेरून त्याप्रमाणे जाहिरात दाखवणे, यांवर बंदी घातली आहे. एखाद्या कोड्याच्या खेळाने उघडताक्षणी डझनावारी जाहिरात-कंपन्यांशी माहितीची देवाणघेवाण करावी आणि संमतीच्या चौकटीत ‘सर्व मान्य’ हे बटण ठळक व ‘नकार’ तीन पडद्यांच्या आत दडवून ठेवावा, ही रीत या कायद्याच्या हेतूशी विसंगत आहे. जाहिरात पानाच्या विषयावरून ठरवता येते, त्यासाठी खेळणाऱ्याचा पाठलाग करावा लागत नाही.

दुसरा मार्ग वस्तुविक्रीचा आणि त्याच्या पोटात असलेला प्रश्न वेळेचा. झिंगा कंपनीचा ‘फार्मव्हिल’ हा फेसबुकवर चालणारा शेतीचा खेळ जून 2009 मध्ये आला आणि वर्षभरात त्याने कोट्यवधी लोकांना शेतकरी बनवले. त्यातील पीक ठरावीक तासांनी तयार होत असे आणि मालक वेळेवर परतला नाही तर ते वाळून जात असे. या एका नियमात पुढील दशकाचे अर्थशास्त्र सामावलेले आहे : खेळाडू खेळत नसतानाही खेळाचे घड्याळ चालू ठेवायचे, अनुपस्थितीला दंड लावायचा, आणि मग तो दंड किंवा ती प्रतीक्षा टाळण्याची सोय विकायची. खेळातील ‘ऊर्जा’ संपल्यावर काही तास थांबायला लावणारी किंवा थांबायचे नसल्यास पैसे मागणारी रचना हे त्याच नियमाचे धाकटे भावंड. खेळांचे अभ्यासक आणि रचनाकार इयन बोगोस्ट यांनी 2010 मध्ये याच प्रवृत्तीचे विडंबन म्हणून ‘काऊ क्लिकर’ हा खेळ केला, ज्यात दर सहा तासांनी एका गायीवर एकदा क्लिक करण्यापलीकडे काहीच नव्हते आणि थांबायचे नसेल तर पैसे मोजण्याची सोय होती. विडंबन म्हणून केलेल्या त्या खेळालाही हजारो लोक मनापासून चिकटले, आणि त्यावरून ही यंत्रणा खेळाच्या गुणवत्तेवाचूनही किती प्रभावी ठरते हे सिद्ध झाले. प्रतीक्षा हा खेळातील ताणाचा भाग असू शकतो. परंतु जी प्रतीक्षा केवळ विकण्यासाठी निर्माण केली जाते ती खेळाचा भाग नसून खेळावर बसवलेला जकातनाका असतो.

हाच प्रश्न युद्धनीतीच्या दीर्घकालीन खेळांत अधिक गुंतागुंतीचा होतो. 2002 मधील ‘ओगेम’ आणि 2004 मधील ‘ट्रॅव्हियन’ हे जर्मनीत जन्मलेले खेळ ब्राउझर-खेळांच्या इतिहासातील श्रेष्ठ निर्मिती मानावे लागतील. साध्या तक्त्यांच्या आणि स्थिर चित्रांच्या जोरावर त्यांनी हजारो माणसांना एकाच नकाशावर आणून त्यांच्यात तह, हेरगिरी, दगाबाजी आणि मैत्री यांचे खरेखुरे राजकारण उभे केले. ट्रॅव्हियनच्या एका सर्व्हरवरील डाव महिनोन्‌महिने चालतो आणि एखाद्या संघाने ‘जगातील आश्चर्य’ ही वास्तू शंभराव्या पातळीपर्यंत बांधली की संपतो. परंतु येथील जग खेळाडू झोपल्यावरही जागे असते. ओगेममध्ये झोपण्यापूर्वी आपली जहाजे मुद्दाम लांबच्या मोहिमेवर धाडून ती शत्रूच्या हाती लागणार नाहीत अशी व्यवस्था करावी लागते, आणि तिला खेळाडू ‘फ्लीटसेव्ह’ म्हणतात. ट्रॅव्हियनमध्ये आपल्या गैरहजेरीत गाव सांभाळण्यासाठी दुसऱ्या खेळाडूला अधिकृतपणे ‘सिटर’ म्हणून नेमण्याची सोय आहे. या दोन्ही युक्त्या कल्पक आहेत, पण माणसाच्या झोपेला खेळाने धोक्याची वेळ ठरवल्याची ती कबुलीही आहे. त्यात पैसे देणाऱ्याला इमारत तत्काळ पूर्ण करण्याची किंवा साधनसंपत्तीची हवी तशी अदलाबदल करण्याची मुभा असली, की न देणारा खेळाडू प्रतिस्पर्धी उरत नाही, तो देणाऱ्याच्या करमणुकीसाठी ठेवलेले सावज होतो. ओगेममधील रजेची सोय, म्हणजे काही दिवस खाते गोठवून हल्ल्यांपासून सुरक्षित राहण्याची व्यवस्था, हा या प्रकारातील सर्वांत माणुसकीचा नियम आहे आणि तो अशा प्रत्येक खेळात असला पाहिजे.

याच्या उलट टोकाला जे खेळ आहेत त्यांच्याकडे पाहिले म्हणजे खेळाडूला धरून न ठेवताही त्याचे प्रेम मिळवता येते हे दिसते. ज्युलियाँ तिएनो या फ्रेंच निर्मात्याने ऑगस्ट 2013 मध्ये प्रसिद्ध केलेला ‘कुकी क्लिकर’ हा वाढत्या आकड्यांचा खेळ वरवर पाहता फार्मव्हिलच्याच कुळातला वाटतो, कारण त्यातही टॅब उघडा ठेवला की बिस्किटे आपोआप साठत जातात. पण तेथे गैरहजेरीला दंड नाही, प्रतीक्षा टाळण्याची विक्री नाही, आणि खेळातील सारी प्रगती मजकुराच्या एका लांब सांकेतिक ओळीत उतरवून कोठेही जपून ठेवता येते. फ्रँक लँट्झ यांचा 2017 मधील ‘युनिव्हर्सल पेपरक्लिप्स’ हा खेळ त्याच प्रकाराला शेवट देतो : पेपरक्लिपा बनवणारे यंत्र अखेर सारे विश्वच पेपरक्लिपांत रूपांतरित करते आणि काही तासांत खेळ खरोखर संपतो. जॉश वॉर्डल यांनी 2021 मध्ये सर्वांसाठी खुला केलेला ‘वर्डल’ दिवसाला एकच कोडे देत असे आणि ते सुटले की उद्या या असे सांगून खेळाडूला निरोप देत असे. त्या निरोपातच त्याच्या लोकप्रियतेचे रहस्य होते. जानेवारी 2022 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने तो विकत घेतला त्यानंतरही रोजचे कोडे मोफत राहिले आणि जुन्या कोड्यांचा संग्रह वर्गणीदारांसाठी ठेवला गेला. ही विभागणी प्रामाणिक आहे, कारण पैसे न देणाऱ्याच्या वाट्याला जे येते ते अर्धवट नसून स्वतःपुरते पूर्ण असते.

तिसऱ्या मार्गाची, म्हणजे सभासदत्वाची आणि देणगीची, दोन उदाहरणे येथे नोंदवावीत. 2001 मध्ये ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावा ॲपलेटवर, म्हणजे पानाच्या आत चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामवर, सुरू झालेल्या ‘रूनस्केप’ने पुढच्या वर्षी सभासदत्व आणले तेव्हा सभासदांचा प्रदेश नकाशावरच फाटकापलीकडे ठेवला, फाटक कोठे आहे आणि ते ओलांडण्यास काय पडते हे प्रत्येकाला दिसत होते, आणि अलीकडचा प्रदेश पैसे न देताही मनसोक्त हिंडता येत होता. ‘लिचेस’ हे 2010 मध्ये तिबो द्युप्लेसी यांनी सुरू केलेले बुद्धिबळाचे संकेतस्थळ याहून पुढे गेले. फ्रान्समधील विनानफा संस्थेमार्फत चालणाऱ्या या संकेतस्थळावर जाहिरात नाही, त्याची संगणकीय संहिता सर्वांना खुली आहे, स्टॉकफिश या बलाढ्य बुद्धिबळ-इंजिनाचे विश्लेषण खेळाडूच्या ब्राउझरमध्येच मोफत चालते, आणि देणगी देणाऱ्याला मोबदल्यात नावाशेजारी पंखाचे एक छोटे चिन्ह मिळते, बाकी काही नाही. बुद्धिबळाला शतकांची पुण्याई लाभलेली असल्याने प्रत्येक खेळाला हा मार्ग जमेल असे म्हणता येणार नाही. परंतु लक्षावधी लोकांचा खेळ कोणालाही न अडकवता चालवता येतो एवढे त्याने निर्विवाद दाखवले आहे.

आता परतीच्या वाटेविषयी. ब्राउझर-खेळातील प्रगती पुष्कळदा ब्राउझरच्याच स्थानिक साठ्यात, म्हणजे त्या यंत्रावर त्या संकेतस्थळासाठी राखलेल्या छोट्या जागेत, लिहिली जाते. ब्राउझरची साफसफाई केली किंवा यंत्र बदलले की महिन्यांची मेहनत नाहीशी होते, आणि ही गोष्ट बहुतेक खेळ आधी सांगत नाहीत. याहून मोठा ऱ्हास खेळच बंद पडल्याने होतो. फार्मव्हिलची मूळ आवृत्ती फ्लॅशबरोबरच 31 डिसेंबर 2020 रोजी बंद झाली, आणि तिच्याबरोबर ज्यांनी वर्षानुवर्षे शेते लावली होती त्यांच्या हाती काही उरले नाही. फ्लॅशच्या अस्तानंतर जे वाचले ते मुख्यतः खेळणाऱ्यांनी वाचवले : बेन लॅटिमोर यांनी सुरू केलेल्या ‘फ्लॅशपॉइंट’ या संग्रहप्रकल्पाने स्वयंसेवकांच्या श्रमांतून एक लाखाहून अधिक खेळ जतन केले, आणि फ्लॅशची नक्कल करून जुन्या फाइली चालवणाऱ्या ‘रफल’ या खुल्या प्रोग्रामच्या साहाय्याने इंटरनेट अर्काइव्हने नोव्हेंबर 2020 पासून अनेक खेळ पुन्हा ब्राउझरमध्ये खेळते केले. मात्र ज्या खेळांचे नियम आणि नोंदी सर्व्हरवर असतात त्यांना असे वाचवता येत नाही, कारण खेळाडूच्या यंत्रावर येते ती केवळ त्यांची दर्शनी बाजू. विकत घेतलेले खेळ प्रकाशकाने निरुपयोगी करू नयेत यासाठी 2024 मध्ये सुरू झालेल्या ‘स्टॉप किलिंग गेम्स’ या चळवळीच्या युरोपीय नागरिक-पुढाकाराने 2025 मध्ये दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. मोफत खेळांच्या बाबतीत पैशाचा दावा करता येत नसला तरी सांस्कृतिक ठेव्याचा दावा तितकाच खरा आहे. गॅब्रिएले चिरुल्ली या इटालियन तरुणाने मार्च 2014 मध्ये ‘2048’ हा आकड्यांचा खेळ खुल्या परवान्याखाली ठेवला, म्हणून तो आज कोणाच्याही मर्जीवर अवलंबून नाही. त्याच खेळाच्या गाजावाजात ज्याच्या कल्पनेवरून तो अप्रत्यक्षपणे निघाला तो ‘थ्रीज’ हा विकतचा खेळ झाकोळला गेला, हेही येथे विसरता कामा नये. खुलेपणाच्या आग्रहाबरोबर मूळ कल्पकाला श्रेय देण्याची जबाबदारीही येते.

मराठी खेळाडूची एक वेगळी मागणी येथे जोडावी लागते. आजचा ब्राउझर देवनागरी अचूक दाखवतो, कारण जोडाक्षरे जुळवणारी आणि वेलांटी योग्य जागी बसवणारी अक्षररचनेची यंत्रणा त्यात अंगभूत असते. परंतु अनेक खेळ-इंजिने ब्राउझरची ही यंत्रणा बाजूला ठेवून पडद्यावरील अक्षरे स्वतःच चित्रासारखी रंगवतात, आणि तेथे ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला पडते, जोडाक्षर फुटून हलन्त उघडा पडतो. शब्दकोड्यांच्या खेळांत प्रश्न याहून सूक्ष्म आहे, कारण ‘क्षि’ हे मराठी वाचणाऱ्याच्या दृष्टीने एक अक्षर असले तरी संगणकाच्या हिशोबात ती चार चिन्हांची साखळी असते, आणि इंग्रजीसाठी केलेला चौकटींचा हिशोब तसाच लावला तर खेळच कोलमडतो. मराठी आवृत्ती म्हणजे केवळ बटणांचे भाषांतर नव्हे. चौकटीत काय मावते याचा नियम भाषेनुसार नव्याने ठरवावा लागतो. ब्राउझर हे मोफत खेळांचे सर्वांत खुले मैदान असेल, तर त्यात आपल्या लिपीत खेळता येणे ही मेहेरबानी मानता येणार नाही.

या सर्व विवेचनातून ज्या मागण्या निघतात त्या पाच आहेत. पहिली, खेळ पैसा कसा मिळवतो हे त्याच्या पहिल्याच पडद्यावर एक-दोन साध्या वाक्यांत सांगितले जावे : जाहिराती कोठे येतील, काय विकत मिळते, आणि पैसे न देणाऱ्याला खेळाचा किती भाग उपलब्ध आहे. दुसरी, जाहिरात ही जाहिरातच दिसावी आणि मुलांच्या खेळांत खेळणाऱ्याचा माग काढणारी जाहिरात मुळीच नसावी. तिसरी, गैरहजेरीला दंड नसावा, आणि जेथे सततच्या जगामुळे तो टाळता येत नाही तेथे रजेची विनामूल्य सोय असावी. चौथी, खेळाडूला आपली प्रगती फाइलच्या वा मजकुराच्या रूपात उतरवून घेता यावी आणि दुसऱ्या यंत्रावर पुन्हा चढवता यावी. पाचवी, खेळ बंद करायचा झाल्यास त्याची पुरेशी आगाऊ सूचना द्यावी आणि शक्य असेल तेथे त्याची संहिता किंवा निदान चालू प्रत एखाद्या संग्रहालयाच्या स्वाधीन करावी. यांपैकी एकही मागणी तंत्रदृष्ट्या नवी नाही. वर उल्लेखिलेल्या खेळांपैकी कोणी ना कोणी त्यांतली एखादी पूर्वीच अमलात आणली आहे.

खेळाडूंच्या बाजूनेही काही देणे लागते हे नाकारून चालणार नाही. जो निर्माता या मागण्या पाळतो त्याच्या पानावर जाहिरात-रोधक बंद ठेवणे, देणगीचा पर्याय असेल तेथे यथाशक्ती देणे, आणि उसनवारीच्या नकलेऐवजी मूळ खेळाकडे जाणे ही खेळाडूची कर्तव्ये आहेत. ती पाळली गेली नाहीत तर फसव्या मांडणीचाच धंदा फायद्यात राहील आणि दोष केवळ निर्मात्यांना देता येणार नाही. मात्र या देवाणघेवाणीत पहिले पाऊल निर्मात्यांनीच टाकायला हवे, कारण नियम तेच लिहितात. ज्या खेळातून खेळाडू केव्हाही उठून जाऊ शकतो त्यात तो थांबला, तर ते थांबणे खेळाच्या गुणांचे निर्विवाद प्रमाण असते. ज्यातून त्याला उठताच येत नाही त्याच्या खेळाडूसंख्येचे आकडे कितीही मोठे असले तरी ते खेळ चांगला असल्याचा पुरावा ठरत नाहीत. आपण आपल्या खेळाचे यश यापुढे कोणत्या आकड्याने मोजणार, हे आपण जाहीरपणे सांगावे, एवढीच या पत्राची अपेक्षा आहे.

कळावे,
मोफत ब्राउझर-खेळांचा एक खेळाडू